मंगलीची तारागाडी अजून वाटेतच आहे

प्रिय सुकदेव मामा,

जयभीम.

पत्र लिहायची मला सवय नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. सातवीत मास्तरांनी वडिलांना पत्र लिहायला सांगितलं होतं, तर मी अर्ध्यातून उठून खिडकीतून माकडं पाहत बसलो. ते पत्र अजून अर्धंच असेल कुठंतरी. पण आज लिहून राहिलो, कारण उद्या पोहरादेवीची रामनवमीची जत्रा आहे. तुमची चित्रांची पेटी माझ्यासमोर आहे, आणि तिच्यात लाल दोऱ्यानं बांधलेली एक गुंडाळी आहे. दुकानाच्या पाट्या रंगवायचे ना तुम्ही, त्याच ठसठशीत अक्षरात तिच्यावर लिहिलंय, शेवट.

सकाळपासून माणसं येऊन विचारतात, "काय रे, उद्या दाखवतं का? मंगलीले तिची माय भेटते का नाई?"

मी काय सांगू? मलाच कुठं माहीत आहे! मामीनं ही गुंडाळी माझ्या हातात दिली त्याला पाच महिने झाले. मी ती उघडलेली नाही. मी, मामा! ज्याला चहा गाळेपर्यंत धीर धरवत नाही तो मी! तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "खोटं नोको बोलू, भिंगऱ्या."

खरंच सांगतो.

तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं तो दिवस आठवतो का? दुष्काळाच्या आदल्या साली, कारंज्याच्या बाजारात. बापानं मला मेथीच्या जुड्यांजवळ बसवलं होतं आणि स्वतः वांगी घेऊन दलालाकडं गेला होता. मी अठरा वर्षांचा घोडा, पण मेथी राखायची अक्कल नव्हती. समोर लिंबाखाली लाकडी पेटी, तिला चार गोल भिंगं, वर उघडं झाकण, त्यातून भर दुपारचं ऊन आत पडतंय, आणि चार बाया वाकून आत बघतायत. एक जण ओरडली, "उडाली वं माय!"

काय उडालं? मी उठलोच. मेथी तिथंच. (ती एका गायीनं खाल्ली. बापानं मला जे खाल्लं ते वेगळं.)

मी डोळा भिंगाला लावला. आधी गुंडाळी सरकली, नुसती चित्रं, एकामागून एक. एक पोरगी, तिच्याजवळ रॉकेलच्या डब्याचा माणूस, दोघांच्या मागं एक चमत्कारिक गाडी. मला वाटलं, एवढंच? तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "आता पापनी नोको पाडू." आतली चक्री फिरवलीत, आणि मामा, ती गाडी हलली! खालून जाळ निघाला, जाळ थरथरला, गाडी वर उठली, पोरीची वेणी वाऱ्यावर उडाली, निळीनं रंगवलेल्या आभाळात ती लहान लहान होत गेली, आणि गेली.

तंबूतला सिनेमा मी पाहिला होता. पण तिथं इंजिन होतं, वीज होती, भोंगा होता. इथं काय होतं? कापलेल्या डब्याचं एक गोल, त्याला बारा फटी, आत चिकटवलेली बारा चित्रं आणि तुमचा हात. कपड्यांची नीळ, गेरू, काजळी आणि सिमेंटच्या पोत्याचा कागद. त्यातून तुम्ही आभाळात गाडी सोडली! मी पेटीच्या मागं जाऊन पाहिलं, गाडी तिकडून निघाली का म्हणून. हसू नका. अठरा वर्षांचा असूनही मी पाहिलं.

मंगलीची गोष्ट तेव्हापासून माझ्या मागं लागली. मंगलीची माय चंद्राच्या पल्याड एका ताऱ्यावर कामाला गेली, सोबत अख्खा तांडा गेला, आणि कोणी परत आलं नाही. म्हणून मंगलीनं नांगराचे फाळ आणि शिलाई मशीनचं चाक जोडून तारागाडी बनवली, आणि डब्याच्या टिन्याला सोबत घेऊन ती मायला धुंडायला निघाली.

"मामा, हे कुठून काढलं तुम्ही?" मी विचारलं होतं.

तुम्ही म्हणालात, "रेडूवर आयकलं, मानूस चंद्रावर उतरला. मंग मी इचार केला, आज आपले लोक ऊस तोडाले घाटाखाली जातात. उद्या चंद्रावर जातीन. मुकादम तथीबी पोचलाच असन."

चहाच्या हॉटेलातली सगळी माणसं हसली. पण एका जणानं हसता हसता कप खाली ठेवला, ते मी पाहिलं होतं.

मग मी तुमच्या मागंमागं फिरायला लागलो. कारंजा, मानोरा, मधली गावं, एस. टी. मिळाली तर एस. टी., नाही तर पायी. बाप म्हणायचा, गुरू केला का त्याला? तुम्ही नाव ठेवलं भिंगऱ्या, कारण मी भिंगरीसारखा एका जागी टिकत नाही. मधेच ट्रकवर क्लीनर म्हणून जायचो, मधेच जिनिंगमध्ये कापूस दाबायचो, एकदा तर माकडवाल्यासोबत आर्णीपर्यंत गेलो. (ते माकड फार हुशार होतं, त्याची गोष्ट वेगळी आहे. राहू द्या.) पण कुठूनही परत आलो की पहिला तुमच्याकडं. मंगली कुठवर आली?

आणि इथंच माझं डोकं फिरायचं, मामा! मंगली कुठंच आलेली नसायची!

चैत्र ते दिवाळी गोष्ट कशी पळायची! शेपटीवाला तारा आडवा आला, काचेचा डोंगर फुटला, मंगली ताऱ्याच्या मुकादमासमोर उभी राहिली. आणि दिवाळी झाली की तुमची गाडी बसलीच खाली. एका भागात टिन्याला गंज चढला, मंगली त्याला करडीचं तेल चोळतेय, संपलं. पुढच्या बाजाराला दोघं कांद्याच्या ग्रहावर उतरली आणि रडली, संपलं. एक अख्खा भाग टिन्या भाकरी थापतोय! भाकरी फिरते, फिरते, मोठी होते, तव्यावर पडते. बारा चित्रं भाकरीला! आणि तो भाग, ज्यात ती दोघं ताऱ्यांच्या स्टँडवर येणाऱ्या गाडीची वाट पाहत बसतात आणि गाडी येतच नाही!

मानोऱ्याच्या बाजारात, सगळ्यांसमोर, मी ओरडलो तुमच्यावर. आठवतं ना? "मामा, पोरगी मायले धुंडाले निघाली आन् तुमी तिले भाकऱ्या करत बसवलं! गोष्ट सुचून नाई राह्यली का? वरनात किती पानी घालसान?"

लोक हसले. तुम्हीही हसलात. म्हणालात, "लेका, एस. टी. सारखी पयत राह्यली त कोनी चढन का? थांबा लागते ना बाप्पा."

"पन कोन चढून राह्यलं?" मी म्हणालो. "सगळे तं बसलेलेच हायेत!"

तुम्ही पेटीचं झाकण लावलं. काहून नाही बोललात, मामा? तेव्हाच कान धरून सांगितलं असतं तर पुढचं झालं नसतं.

आता ते लिहावंच लागेल. मी मघापासून माकडाकडं आणि गायीकडं वळतोय, ते हे टाळायलाच.

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी, पौष महिन्यात, तुम्हाला ताप आला. मामी काढा उकळत होती. तुमच्या ट्रंकेत पुढच्या भागाची गुंडाळी आणि चक्रीची चित्रं तयार होती, मला माहीत होतं. एवढं तयार असून हा माणूस भाकऱ्या दाखवतो! मी म्हटलं, मामा झोपलेत तर बाजार कशाला बुडवायचा? पेटी उचलली, गुंडाळी घेतली, आणि गेलो कारंज्याला.

गुंडाळीच्या पाठीवर लहान लहान तोंडं काढलेली होती. कोणाची नथ, कोणाची मिशी, कोणाचा पदर. बसल्या बसल्या कुंचला साफ केला असेल, असं मला वाटलं. मी सरळ उघडली.

आणि काय भाग होता तो, मामा! मंगलीला ताऱ्यावरच्या मातीत मायच्या पायाचा ठसा सापडतो. करंगळीजवळ जखमेची खूण, तिच्या मायच्याच पायाची. चक्री फिरवली की मंगली वाकते, ठशात आपला पाय ठेवते, आणि तो बरोबर बसतो. लोक दोनदोनदा पाहायला आले. मी ओरडून ओरडून सांगितलं, आवाज बसला. मला वाटलं, मी तुमच्यावर उपकार केले!

तीन महिन्यांनी ह्याच पोहरादेवीला ऊसतोडीहून माणसं परत आली. तांड्यावरची गमनीबाई तुमच्या पेटीसमोर आली. काळी पडलेली, हातांना पाल्याचे चरे, डोक्यावर गाठोडं तसंच. घरीसुद्धा गेली नव्हती ती अजून. म्हणाली, "मामा, कारंज्याचे लोक बोलून राह्यले, मंगलीले पायाचा ठसा भेटला म्हने. आमी नव्हतो तवा दाखवला का तुमी?"

तुम्ही माझ्याकडं पाहिलं नाही. मला वाटतं, पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"तुमी तं थांबता ना आमच्यासाठी?" ती म्हणाली. "फडावर मी पोट्ट्याईले सांगे, रडू नोका, मंगली आपल्याबिगर पुढं नाई जात. मामानं गाडी उभी केली असन."

तेव्हा मला कळलं, मामा! तांड्यावरची माणसं दिवाळीनंतर जातात आणि चैत्रात येतात. तुमची गोष्ट पळायची ती चैत्रात, आणि बसायची ती दिवाळीला! मी दोन वर्षं तुमच्या मागं हिंडलो, आणि एवढं मला दिसलं नाही. मला वाटलं तुम्हाला सुचत नाही. आणि तुम्ही तर अख्खी तारागाडी आभाळात धरून उभे होतात, मागं राहिलेल्यांना चढता यावं म्हणून!

तुम्ही त्या सगळ्यांना तो भाग परत दाखवला. मी बाजूला उभा. गमनीबाईनं पूर्ण पाहिला, भिंगावरून डोळा काढला आणि म्हणाली, "चांगला हाय मामा. पन शिळा हाय."

त्या एका शब्दानं मला जेवढं लागलं तेवढं बापाच्या काठीनं कधी लागलं नव्हतं.

मग तुम्ही मला लिंबाखाली बसवलं आणि ती गुंडाळी उलटी केली. "हे पाह्य. हे गमनी. हे तिचा दीर. हे लंगडा भाऊराव. जो गेला त्याचं तोंड काढतो. आला का लाल ठिपका देतो. सगळ्याईले ठिपका पडला का मंग गुंडाळी सोडाची." आणि तुम्ही लाल रंगात काडी बुडवून गमनीबाईच्या कपाळी ठिपका दिलात. कागदावर.

मी म्हणालो, "मामा, मले मारा."

"मारून काय होते? थांबे रंगव आता. ह्या साली सगळे थांबे तुह्याकडं."

ती शिक्षा होती की काय होतं, अजून कळत नाही मला. धावता भाग सोपा असतो हो! जाळ काढला, तारा फोडला, झालं. पण ज्या भागात काहीच घडत नाही, तो हलवायचा कसा? मी टिन्यानं मंगलीच्या पायातला काटा काढायचा भाग घेतला. बारा चित्रं. टिन्याचा पत्र्याचा हात पुढं येतो, काटा धरतो, मंगली डोळे मिटते, काटा निघतो. सतरा वेळा फाडला मी तो कागद. पाचव्या आणि सहाव्या चित्रात हात एकदम उडीच मारायचा. तुम्ही म्हणायचे, "घाई दिसून राह्यली. काटा घाईनं निघत नाई. आनखी हळू." मी, भिंगऱ्या, बारा दिवस एका घोंगडीवर बसून होतो! माझी माय पाहायला आली, आजारी पडला का म्हणून.

तो भाग मानोऱ्याला दाखवला तेव्हा एक म्हातारी भिंगापासून उठेचना. उठली तेव्हा एवढंच म्हणाली, "माही मायबी असाच काढे काटा." गोष्ट बोटभरही पुढं गेली नव्हती, आणि त्या बाईचे डोळे भरले होते. मामा, त्या दिवशी मला वाटलं, काचेचा डोंगर फुटलेला कोणाला आठवणार? भाकरी आठवेल. करडीचं तेल आठवेल. मलाही आता तेच आठवतं.

पण सवय कुठं जाते? मागच्या पावसाळ्यात परत माझी भिंगरी सुटली. अकोल्याला ट्रकवर गेलो, तिथून नागपूर, तिथून अजून पुढं. म्हटलं, दिवाळीला जाऊ. दिवाळी झाली, म्हटलं, पुढच्या बाजाराला जाऊ. आणि मी आलो तेव्हा तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले होते.

रागावू का एक? अख्ख्या तालुक्यासाठी गोष्ट थांबवता येत होती तुम्हाला. आभाळातली गाडी उभी करता येत होती. मग पंधरा दिवस स्वतःला नाही थांबवता आलं? एक थांबा माझ्यासाठी नव्हता?

हे मी मामीला बोललोसुद्धा. अंगणात उभा राहून, मोठ्यानं, मूर्खासारखा. मामीनं ऐकून घेतलं. आत गेली, ट्रंक उघडली आणि ही गुंडाळी आणून दिली. "हे भिंगऱ्याले देजो म्हने. दुसरं काई बोलले नाई. पह्यले मागून पाह्य."

मी पाठ पाहिली. खूप तोंडं होती. सगळ्यांच्या कपाळी ठिपके होते, जुने, वाळलेले. फक्त दोघांना नव्हते. एक पोरगी, दोन वेण्या, समोरचा दात पडलेला. आणि तिच्या शेजारी एक लांब नाकाचा, केस उभे राहिलेला, मान तिसरीकडंच वळवलेला माणूस.

तो मी होतो, मामा.

मामीनं तुमचा लाल रंगाचा डबा उघडला. वरचा पापुद्रा वाळला होता, काडीनं तो फोडला आणि माझ्या कपाळी ठिपका दिला. कागदावर. मग तीच काडी तिनं माझ्या खऱ्या कपाळाला लावली आणि पदरानं डोळे पुसले.

म्हणजे तुम्ही थांबला होता. तुमच्या पद्धतीनं.

राहिली ती दोन वेण्यांची. झुमकी. दुष्काळात तिचा बाप सगळं घर घेऊन गेला तेव्हा सात वर्षांची होती. एस. टी. च्या खिडकीतून तिनं तुम्हाला विचारलं होतं, "मामा, मंगलीले माय भेटते का?" आणि तुम्ही म्हणालात, "तू आल्याबिगर मीबी नाई पाह्यत." मी तेव्हा टपावर सामान चढवत होतो, मी ऐकलं होतं. मला वाटलं, पोरीची समजूत घालताय.

आज सकाळी गमनीबाई आली. यंदा तिच्या डोक्यावर गाठोडं नव्हतं, घरी ठेवून आली होती. म्हणाली, "दाखव ना रे उद्या शेवट. आमी सगळे आलो."

मी गुंडाळी उलटी करून तिच्यापुढं धरली. ती जवळून पाहत राहिली, तोंडांवरून बोट फिरवत, ओळखत, हसत. बोट झुमकीवर थांबलं.

"हे तं झुमकी. इले ठिपका नाई."

"नाई," मी म्हणालो.

"त्याईची गाडी तिकडंच राह्यली. ऊस झाला का ईटभट्टी, ईटभट्टी झाली का ऊस." मग लुगड्याचा पदर खोचून माझ्यावरच डाफरली, "मंग काय दाखवतं? लाज नाई वाटत? बांध ते! उद्या टिन्याची भाकरी दाखव. माह्या नातवानं नाई पाह्यली."

मामा, मी दोरा परत बांधला. दोन गाठी मारल्या.

गुंडाळी हातात घेतली की कसं वाटतं सांगू? वजन किती, एका लिंबाएवढं. आणि आत चंद्राच्या पल्याडचं सगळं. माय आहे का तिथं? असेल तर मंगलीला पाहून हसते का रडते? का मंगली तिच्याजवळ पोचते तेव्हा ती कामावरच असते, उचललेली मोळी डोक्यावर तशीच धरून? कधी कधी कानाला लावतो गुंडाळी. वेडा म्हणा. काही ऐकू येत नाही. पण काहीतरी आहे, एवढं कळतं, आणि मी लहान होतो, एकदम लहान, तुमच्या त्या गाडीसारखा.

तर आता शब्द देतो, ऐका. उद्या भाकरी. परवा काटा. जत्रा उठली की पेटी पाठीवर घेऊन मी घाटाखाली निघणार. तुम्ही म्हणायचे भिंगऱ्या एका जागी टिकत नाही. आता तेच कामाला येईल. ह्या भट्टीवरून त्या भट्टीवर, ह्या फडावरून त्या फडावर, जिथं आपली माणसं असतील तिथं पेटी मांडीन आणि थांबे दाखवीन. थांबे संपले तर नवे रंगवीन, हळू, काटा घाईनं निघत नाही तसे. झुमकी आता अकरा-बाराची असेल, दात आला असेल, ओळखू येणार नाही. मी प्रत्येक गावात विचारीन, मंगलीची गोष्ट कुठवर पाहिली? जी पोरगी सांगेल की मंगली अजून ताऱ्याच्या मुकादमासमोरच उभी आहे, जिला पायाचा ठसा ठाऊकच नसेल, तीच ती.

लाल रंगाचा डबा सोबत घेतला आहे. वाळू नये म्हणून मामीनं वर ओलं फडकं बांधून दिलं आहे.

ठिपका पडल्यावर दोघं मिळून बघू. तोवर मीबी नाई पाह्यत.

तुमच्या ठिपक्याचा,
भिंगऱ्या